सहा इंची परावर्तक दुर्बीण घरी बनवताना: काच घासण्यापासून पहिल्या ताऱ्यापर्यंत

दुर्बीण बनवायची म्हटलं की बहुतेक जण आधी नळी आणि स्टँड शोधायला निघतात. नळीचं काम सगळ्यात शेवटी येतं. परावर्तक दुर्बिणीत खरं महत्त्व आरशाचं. नळी, स्टँड, आयपीस (डोळा लावायचं भिंग) हे सगळं त्या आरशासाठी. आरसा बनवताना घासण्याइतकाच वेळ तपासण्याला द्यायचा, एवढं एकदा मनाशी ठरवलं की सहा इंची उत्तम दुर्बीण घरी बनते. त्यासाठी यंत्रशाळा लागत नाही, लेथ लागत नाही. काच, पूड, पाणी, राळ आणि बरेच दिवस लागतात.

हे काम मी पावसाळ्यात सुरू करायला सांगतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्रात आकाश बहुतेक झाकलेलंच असतं, त्यामुळे निरीक्षणाची एकही रात्र वाया जात नाही. आषाढात काच घासायला घेतली आणि आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी दिल्या, तर दिवाळीच्या आसपास, आकाश स्वच्छ होतं तेव्हा, दुर्बीण हाताशी असते. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पॉलिशसाठी लागणारं डांबरासारखं पिच मऊ पडून पसरतं, तो त्रासही टळतो.

सहा इंच आणि एफ/८ का

पहिली दुर्बीण १५० मिमी व्यासाची आणि १२०० मिमी नाभीय अंतराची करा, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा आरशापासून १२०० मिमीवर पडेल. नाभीय अंतराला व्यासाने भागलं की ८ येतात, म्हणून एफ/८. अंधारात डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते. त्या हिशेबाने हा आरसा डोळ्याच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. आठ इंचीचा मोह होतो, पण तिथे वजन, वेळ आणि चुका सगळंच वाढतं.

एफ/८ घेण्यामागे आणखी महत्त्वाचं कारण आहे. दूरच्या ताऱ्याचे समांतर किरण एका बिंदूत आणायला आरसा अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा, लागतो. पण दोन काचा एकमेकींवर घासल्या की आपोआप तयार होतो तो गोलाचा तुकडा, कारण कशाही फिरवल्या तरी एकमेकींत चपखल बसणारे पृष्ठभाग गोलाचेच असतात. या १५० मिमी, एफ/८ आरशात गोल आणि अन्वस्त यांना जास्तीत जास्त जुळवून ठेवलं, तर त्यांच्यातला फरक जेमतेम ०.०७ मायक्रॉन उरतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण हजारावा भाग. परावर्तनात ही चूक दुप्पट होते, म्हणजे ०.१४ मायक्रॉन. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली तर ती तिचा चौथा भाग झाली, आणि चांगल्या प्रतिमेसाठी चालणारी मर्यादा नेमकी तीच आहे. म्हणजे अचूक गोल आरसासुद्धा इथे काठावर पास होतो आणि थोडी सुधारणा केली की उत्तम होतो. हाच आरसा एफ/५ केला तर तो फरक चौपट होतो. नवख्या माणसाने तिकडे जाऊ नये.

सामान

आरशासाठी १९ किंवा २५ मिमी जाडीच्या साध्या काचेची १५० मिमी व्यासाची चकती हवी. मोठ्या काचवाल्यांकडे टेबलांसाठी आणि दारांसाठी १९ मिमी काच असते, ते गोल कापूनही देतात. पायरेक्स मिळाली तर उत्तम, कारण तापमान बदललं तरी ती फार कमी फुगते-आकसते. फक्त एक गोष्ट तीनदा विचारून घ्या: काच टफन केलेली नसावी. टफन काचेत आतून ताण भरलेला असतो. पृष्ठभाग घासून काढायला लागलात की ती केव्हाही फुटू शकते.

दुसरी चकती म्हणजे टूल, ज्यावर आरसा घासायचा. दुसरी काचच घेता येते, पण स्वस्तात चांगलं होतं ते डेंटल प्लास्टरचं. आरशाच्या काचेवर प्लास्टिकचा पातळ कागद पसरा, भोवती पुठ्ठ्याची कड गुंडाळा आणि प्लास्टरची २५ मिमी जाड चकती ओता. ती वाळली की व्हिट्रिफाइड टाइलचे २०-२५ मिमीचे तुकडे एपॉक्सीने तिच्यावर चिकटवा. दोन तुकड्यांमध्ये ३ मिमी फट ठेवा. कुठल्याही तुकड्याचा मध्य टूलच्या मध्यावर येऊ देऊ नका, नाहीतर आरशावर गोल वळ्या उमटतात. प्लास्टरला सगळीकडून एपॉक्सी किंवा ऑइलपेंटचे दोन हात द्या. पावसाळी हवेत उघडं प्लास्टर पाणी पितं आणि त्याचे कण सुटून पुडीत मिसळतात.

घासायच्या पुडी: कार्बोरंडम ८०, १२०, २२० आणि ३२० नंबर (नंबर मोठा तशी पूड बारीक), त्यानंतर अॅल्युमिनियम ऑक्साइड २५, १२ आणि ५ मायक्रॉन, आणि पॉलिशसाठी सिरियम ऑक्साइड. ८० नंबरची अर्धा किलो घ्या, बाकीच्या शंभर-दीडशे ग्रॅम पुरतात. प्रत्येक पुडीला वेगळी झाकणाची डबी. या डब्या एका कपाटात शेजारीशेजारी ठेवू नका, बारीक पुडी वेगळ्याच खोलीत ठेवा.

घासायची जागा अशी हवी की तिच्याभोवती फिरता आलं पाहिजे. कमरेइतक्या उंचीचा प्लास्टिकचा ड्रम पाण्याने भरून त्यावर जाड प्लायवूड टाका. ते हलत नाही. प्लायवूडवर वर्तमानपत्रांचा ओला थर ठेवा आणि टूल सरकू नये म्हणून भोवती तीन लाकडी गट्टू ठोका.

खोली काढणं

सुरुवातीलाच काचेची कड धार लावायच्या ओल्या दगडाने घासून २-३ मिमीची उतरती करा. ही कड पुढे झिजत जाते, तेव्हा मधेमधे ती पुन्हा करावी लागते. धारदार कडेचा टवका उडाला की तो टूलवर फिरतो आणि पूर्ण पृष्ठभाग ओरखडून काढतो.

आता टूल खाली, आरसा वर. टूलवर पाव चमचा ८० नंबरची पूड पसरा, थोडं पाणी शिंपडा, आरसा ठेवा आणि घासा. आरशाचा मध्य टूलच्या कडेजवळून जाईल असे लांब, बाजूने जाणारे फटके मारा. आठ-दहा फटक्यांनी आरसा हातात थोडा फिरवा आणि स्वतः ड्रमभोवती एक पाऊल उलट दिशेने सरका. वरची काच टूलबाहेर लोंबते तेव्हा तिचा सगळा भार तिच्या मधल्या भागावर आणि टूलच्या कडेवर येतो. म्हणून वरची काच मध्यात खोल होत जाते आणि टूल फुगत जातं. हे आपोआप होतं. दाब द्यायचा तो दोन्ही तळव्यांनी, सारखा.

पहिल्यांदा आवाज मोठा खरखरीत असतो, दगडी जात्यात भरड दळल्यासारखा. मिनिट-दोन मिनिटांत तो मऊ होतो आणि पुडीचा राखाडी चिखल होतो. आवाज मंदावला की पूड संपली, नवीन घ्या. कामाला लागल्यावर दोन दिवसांत ही वेळ कान आपोआप सांगू लागतो.

१२०० मिमी नाभीय अंतरासाठी मध्यातली खोली १.१७ मिमी लागते. मोजायला सोपा उपाय: स्टीलची सरळ पट्टी आरशावर व्यासाच्या रेषेत उभी ठेवा आणि मध्यात तिच्याखालून १.२ मिमीचा ड्रिल बिट सरकवून बघा. १ मिमीचा बिट सहज जातो आणि १.२ मिमीचा अडतो, तिथे ८० नंबर थांबवा. उरलेली खोली पुढच्या पुडीत येते. साधारण तीन-चार तासांचं हे काम आहे.

त्यानंतर लांब फटके बंद. आता आरशाचा मध्य टूलच्या मध्यावरून जाईल असे सरळ, आखूड फटके, व्यासाच्या एक तृतीयांश एवढेच. याने पृष्ठभाग गोल होतो. पेन्सिलीने आरशावर उभ्या-आडव्या रेघा मारा, पूड न घालता ओल्या टूलवर दोन-तीन फटके द्या. रेघा सगळीकडून सारख्या पुसट झाल्या तर दोन्ही पृष्ठभाग जुळले. मध्यातल्या राहिल्या तर मध्ये अजून टेकत नाही.

नाभीय अंतर बघायला सूर्य कामी येतो. ओला आरसा सूर्याकडे धरून त्याचं प्रतिबिंब सावलीतल्या पुठ्ठ्यावर पाडा आणि ते सर्वांत लहान व स्पष्ट होईल ते अंतर मोजा. १२०० मिमीवर सूर्याचा ठिपका साधारण ११ मिमीचा दिसतो. परावर्तित प्रकाशात डोळा नेऊ नका. ११५० ते १२५० मध्ये काहीही आलं तरी चालतं, फक्त आकडा लिहून ठेवा.

बारीक पुड्या

इथून पुढे प्रत्येक पुडीचं एकच काम: आधीच्या पुडीने पाडलेले खड्डे पूर्ण घालवायचे. त्याला प्रत्येकी तास-सव्वा तास लागतो. तासाचा हिशेब मात्र अंदाजापुरता, निर्णय भिंगाचा. आरसा धुऊन वाळवा, खिडकीपाशी तिरपा धरा आणि दहापट भिंगाने तीन ठिकाणी बघा: मध्य, अर्धं अंतर, कड. खड्डे सगळीकडे एकाच आकाराचे दिसले पाहिजेत. कडेला मोठे खड्डे राहिले असतील तर पुढची पूड उघडू नका. पॉलिशला बसल्यावर ते लख्ख दिसतात, आणि तेव्हा पॉलिशने ते जाता जात नाहीत.

पूड बदलताना सगळं धुवायचं: टूल, आरसा, गट्टू, ड्रमवरचं प्लायवूड, ब्रश, हात, नखांच्या फटी. वर्तमानपत्र नवीन, पाणी नवीन, अंगातला शर्टसुद्धा नवीन. माझ्या पहिल्या आरशावर ३२० नंबर चालू असताना एकदम किर्र असा आवाज झाला आणि आरशावर सात सेंटिमीटरचा ओरखडा पडला. शोधल्यावर कारण सापडलं: हात पुसायचा पंचा ८० नंबरच्या वेळचाच होता. १२० वर परत जावं लागलं, चार संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून प्रत्येक पुडीला वेगळा पंचा.

बारीक पुड्यांत आणखी एक धोका आहे. पाणी वाळलं की आरसा आणि टूल एकमेकांना चिकटतात. हातोडी नको, छिन्नी नको. दोन्ही रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी लाकडी ठोकळा कडेला लावून आडवं ढकला.

५ मायक्रॉन संपल्यावर कोरडा आरसा दुधी, पण रेशमासारखा दिसतो. वर्तमानपत्रापासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरला तर आरपार अक्षरं वाचता येतात. एवढं जमलं की पॉलिशला बसा.

पिच आणि पॉलिश

पॉलिशला टूलवर पिचचा थर लागतो. पिच म्हणजे डांबराच्या जातीचा, थंडीत दगडासारखा पण दाबाखाली अतिशय सावकाश वाहणारा पदार्थ. ते राळ घालून कडक आणि टर्पेंटाइन घालून मऊ करता येतं. जुन्या भांड्यात, गच्चीवर किंवा अंगणात, मंद आचेवर वितळवा. त्याची वाफ पेट घेते, म्हणून उकळू देऊ नका, आणि टर्पेंटाइन घालताना भांडं विस्तवापासून लांब न्या. थेंब पाण्यात टाकून खोलीच्या तापमानाला आणा आणि अंगठ्याचं नख दाबा. चार-पाच सेकंदांत नखाचा पुसट वण उमटला तर पिच बरोबर. लगेच रुतलं तर मऊ, तडा गेला तर कडक.

पिचसाठी प्लास्टरची दुसरी चकती ओता, ८० नंबर लागलेलं टूल वापरू नका. ही चकती आरशाच्या घासलेल्या पृष्ठभागावरच ओतायची, म्हणजे तिला योग्य फुगवटा येतो. ती कोमट करून ५-६ मिमी पिच ओता. घट्ट व्हायला लागलं की आरशाला साबणाचं पाणी आणि सिरियम लावून वर ठेवा आणि सतत हलवत दाबा, म्हणजे पिच आरशाचा आकार घेतं. थंड झाल्यावर पाण्याखाली धारदार पातं वापरून २० मिमीचे चौकोन कापा. इथेही मध्य चौकोनाच्या बरोबर मध्यावर नको. मग चकती गरम पाण्यात मिनिटभर बुडवून, आरसा ठेवून, त्यावर पाच किलोंचं वजन देऊन वीस मिनिटं दाबून ठेवा. रोज कामाला सुरुवात करताना ही दाबणी करायचीच. पिच आणि आरसा जुळलेले नसताना केलेलं पॉलिश आरसा बिघडवतं.

सिरियम पाण्यात पातळ ताकाइतकं कालवा. एक तृतीयांशाचे फटके, तेच फिरणं. पंधरा-वीस मिनिटांत दुधी काचेच्या मध्यातून चकाकी उगवते. हा दिवस फार सुंदर असतो. घरातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवावा असा. कड चमकायला मात्र सहा-आठ तास लागतात. पूर्ण झालं की नाही ते लेझर पॉइंटरने बघा: अंधारात ठिपका पृष्ठभागावर टाका. काच चांगली पॉलिश झाली असेल तर ठिपका जवळपास दिसत नाही, खड्डे असतील तिथे तो लुकलुकतो. परावर्तित किरण डोळ्यात जाणार नाही अशा कोनातून बघा.

पात्याची परीक्षा

या कामाचं सगळ्यात विलक्षण साधन घरी शंभर-दोनशे रुपयांत बनतं. लेऑं फूको या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये ते शोधलं. आरसा भिंतीशी उभा करा. त्याच्यापासून २४०० मिमीवर, म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर, वक्रतेच्या केंद्रापाशी, एक पांढरा एलईडी आणि त्याच्या अर्ध्या भागावर आलेलं दाढीचं पातं, हे दोन्ही सरकत्या पाटीवर बसवा. एलईडीचा प्रकाश आरशावर जाऊन परत येतो आणि पात्याच्या धारेशी एकत्र होतो. धारेच्या मागे डोळा लावला की पूर्ण आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळतो.

आता पातं हळूहळू आडवं आत आणा. सावली पातं ज्या बाजूने येतं त्याच बाजूने आली तर तुम्ही केंद्राच्या आत आहात, उलट बाजूने आली तर बाहेर. बरोबर केंद्रावर, आरसा अचूक गोल असेल तर तो सगळीकडून एकदम, सारखा राखाडी होऊन मावळतो. कुठे उंचवटा किंवा खळगा असेल तर चंद्रावरच्या डोंगरासारखा उजेड-सावलीत उठून दिसतो. हे किती नाजूक आहे ते बघायचं असेल तर आरशाला अर्धा मिनिट अंगठा टेकवा आणि लगेच पात्यामागून बघा. अंगठ्याच्या उबेने काच जिथे फुगली तिथे टेकाड दिसतं आणि पाच-दहा मिनिटांत हळूहळू विरतं. म्हणूनच पॉलिशनंतर तासभर थांबल्याशिवाय तपासणी करू नये. नुसत्या हाताच्या उबेने आरसा खोटं सांगतो.

आधी गोल मिळवा. मध्यात टेकाड असेल तर फटके थोडे लांब. कड खाली पडली असेल तर फटके आखूड, हात आरशाच्या मध्यावर, आणि पिच पुन्हा नीट दाबून घ्या. एका वेळी पाच-दहा मिनिटंच पॉलिश, मग धुणं, थांबणं, बघणं. कामाची लय हीच. कंटाळा येतो, पण सलग तासभर घासून तपासणी टाळणाऱ्याचा आरसा बिघडलेला मी पाहिला आहे, पाच मिनिटं घासून तास थांबणाऱ्याचा नाही.

गोल मिळाला की त्याला अन्वस्ताकडे न्यायचं. आरसा वर ठेवून, इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखे रुंद फटके, तीन-चार मिनिटं. मध्य किंचित खोल होतो आणि पात्यामागे मेदूवड्यासारखी सावली दिसू लागते. मोजण्यासाठी पुठ्ठ्याच्या मुखवट्यात मध्यापासून २५ मिमी आणि ६५ मिमीवर, डाव्या-उजव्या बाजूंना जोडीने खिडक्या कापा. प्रत्येक जोडी एकदम राखाडी होते ती पाटीची जागा नोंदवा. दिवा आणि पातं एकत्र सरकत असतील तर दोन नोंदींत ०.७५ मिमी फरक यायला हवा, दिवा स्थिर असेल तर १.५ मिमी. पाटी सरकवायला साधा एम ६ बोल्ट वापरा. त्याचा आटा १ मिमीचा असतो, म्हणजे पाऊण फेरा किंवा दीड फेरा. थोडं कमी भरलं तर सोडून द्या, कारण गोलापासून निघालेला हा आरसा मर्यादेत आहेच. जास्त झालं तर पुन्हा गोलावर यावं लागतं.

जमलं तर या टप्प्यावर दुसऱ्या अनुभवी डोळ्याला आरसा दाखवा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी खगोलप्रेमींना एकत्र आणते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, आणि आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतलेल्या आहेत. सावल्या वाचणं हे पुस्तकापेक्षा शेजारी उभं राहून दहा मिनिटांत समजतं.

मुलामा

नुसती काच फक्त ४ टक्के प्रकाश परत पाठवते. त्यावर निर्वात पेटीत अॅल्युमिनियमचा ०.१ मायक्रॉनच्या आसपास जाडीचा थर चढवतात, मग परावर्तन ९० टक्क्यांच्या आसपास जातं. हे घरी होत नाही, व्हॅक्यूम कोटिंग करणाऱ्याकडे द्यावं लागतं. वर संरक्षक थर मागून घ्या, कोकण किनाऱ्यावर राहत असाल तर नक्कीच. आरसा पाठवताना त्याच्या तोंडावर काहीही टेकणार नाही असा डबा करा.

पण पाठवायच्या आधी नळी तयार करून बिनमुलाम्याचा आरसा तिच्यात बसवा आणि चंद्र बघा. त्या ४ टक्क्यांतही चंद्र डोळ्याला सुखावणारा, व्यवस्थित दिसतो. नाभीय अंतर बरोबर आहे का, प्रतिमा रेखीव आहे का, हे पैसे खर्च होण्याआधी कळतं.

नळी आणि आतली मांडणी

मुख्य आरशाकडून आलेला प्रकाश नळीच्या बाजूला आयपीसकडे वळवणारा छोटा सपाट आरसा लागतो. तो आणि आयपीस विकतच घ्या. घरातल्या आरशाला मागून मुलामा असतो, त्यामुळे दोन प्रतिमा दिसतात, शिवाय तो पुरेसा सपाटही नसतो. लंबगोल सपाट आरसा ३० मिमी रुंदीचा पुरतो. त्याने मुख्य आरशाच्या व्यासाचा पाचवा भाग झाकला जातो, तो चालतो.

नळीसाठी ६ मिमी प्लायवूडची चौकोनी पेटी मला गोल पाइपपेक्षा आवडते. सुतार अर्ध्या दिवसात करून देतो आणि सपाट बाजूवर काहीही बसवणं सोपं जातं. आतून १९० मिमी चौरस. आता हिशेब: नळीच्या मध्यापासून आतली बाजू ९५ मिमी, प्लायवूड ६, आयपीसच्या नळीची उंची ७५, मिळून १७६. तुमच्या आरशाचं नाभीय अंतर १२०० असेल तर मुख्य आरशाच्या तोंडापासून छोट्या आरशाच्या मध्यापर्यंत १२०० वजा १७६, म्हणजे १०२४ मिमी. आयपीसचं भोक बरोबर तिथे. हे भोक नाभीय अंतर प्रत्यक्ष मोजल्याशिवाय पाडू नका. मागे ८० आणि पुढे दीडशे मिमी सोडून नळी सव्वा मीटरची होते. आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग द्या, तो चकाकत नाही. बाहेरून वॉर्निश, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात प्लायवूड फुगतं.

मुख्य आरसा १८ मिमी प्लायवूडच्या पाटीवर सिलिकॉनच्या तीन ठिपक्यांवर बसवा, ठिपके मध्यापासून ४० मिमीवर आणि ३ मिमी जाड. ते वाळेपर्यंत आरसा आडवाच ठेवा. ही पाटी दुसऱ्या पाटीला तीन बोल्ट आणि स्प्रिंगांवर जोडा, म्हणजे मागून आरसा तिरका-सरळ करता येतो. छोटा आरसा ४५ अंशांत कापलेल्या लाकडी दांड्यावर चिकटवा आणि दांडा पातळ पत्र्याच्या पट्ट्यांनी नळीच्या मध्ये ताणून धरा. आयपीसचा बाहेरचा व्यास ३१.७ मिमी असतो. आयपीस खिशात घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा आणि आयपीस ज्यात बसेल असा पाइप, त्यावर सरकणारा दुसरा पाइप असं जुळवा. आतून मखमलीची पट्टी लावली की सरक गुळगुळीत होते.

स्टँड

स्टँड डॉब्सन पद्धतीचाच करा. जॉन डॉब्सन हे १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले आणि तेवीस वर्षं संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ग्रह दाखवले. त्यांचा स्टँड म्हणजे तोफेच्या गाड्यासारखी प्लायवूडची पेटी. त्यात ना गिअर, ना मोटर.

नळीला आरसा, आयपीस सगळं बसवून ती बोटावर तोला. जिथे तोल सावरतो तिथे दोन्ही बाजूंना ११० मिमी पीव्हीसी पाइपची गोल टोपणं लावा. १८ मिमी प्लायवूडच्या यू आकाराच्या पेटीत ती टेकतात. पेटीच्या खोबणीत टेफ्लॉनचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे लावा. टेफ्लॉन कशालाही चिकटत नाही, छोट्या स्क्रूने बसवून स्क्रूचं डोकं खोल दाबा. पेटीच्या तळाला खरबरीत पोताचा सनमायका, खाली तीन टेफ्लॉनवर टेकलेली दुसरी चकती, मध्ये एक बोल्ट. गुळगुळीत सनमायकापेक्षा बारीक दाणेदार चांगला, त्यावर दुर्बीण झटका न देता हलते आणि सोडली की थांबते.

जुळवणी आणि पहिल्या रात्री

मुख्य आरशाच्या बरोबर मध्यावर फाइलच्या भोकाला लावतात ती कागदी रिंग चिकटवा. मध्यभाग छोट्या आरशाच्या सावलीत असतो, त्यामुळे प्रतिमेला धक्का लागत नाही. आयपीसच्या जागी मध्यात छिद्र पाडलेलं टोपण लावून दिवसा आत बघा. आधी छोटा आरसा हलवून त्यात मोठा आरसा पूर्ण दिसेल असं करा. मग मागचे बोल्ट फिरवून छिद्राचं प्रतिबिंब रिंगेच्या मध्यात आणा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्याने चांगले आरसे उगाच बदनाम होतात.

दुर्बीण गच्चीवर नेऊन अर्धा-पाऊण तास उघडी ठेवा, आरसा हवेइतका थंड झाला पाहिजे. २५ मिमी आयपीसने ४८ पट, १० मिमीने १२० पट दिसतं. सुरुवात कमी पटीने. पहिल्यांदा सप्तर्षींतला वसिष्ठ घ्या. शेजारची अरुंधती तर दिसेलच, पण १२० पटीत वसिष्ठ स्वतः दोन ताऱ्यांत फुटतो. एखादा तेजस्वी तारा किंचित अस्पष्ट करा: आत आणि बाहेर दोन्हीकडे सारख्याच गोल वळ्या दिसल्या तर तुमच्या पात्याच्या परीक्षेवर आकाशाचा शिक्का बसला. हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ, एप्रिल-मेमध्ये रात्री दक्षिण क्षितिजाजवळ नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. तो पुण्यातून साधारण २४ अंश उंचीवर येतो आणि युरोपातल्या बहुतेकांच्या नशिबात तो नसतो.

सूर्याकडे ही दुर्बीण कधीही वळवू नका. क्षणार्धात डोळा कायमचा जातो. दिवसा नळीच्या दोन्ही टोकांना झाकण हवंच, आणि लहान मुलांना दुर्बिणीपाशी एकटं सोडू नका.

जूनमध्ये आरसा पाटीसकट बाहेर काढा, सिलिका जेलच्या पिशव्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आयपीसही तसेच, नाहीतर बुरशी धरते. धूळ बसली तर पुसू नका. वाहत्या पाण्याखाली धरा, द्रवरूप साबणाचा एक थेंब घातलेल्या डिस्टिल्ड पाण्यात कापूस बुडवून त्याच्याच वजनाने एकदा फिरवा, पुन्हा डिस्टिल्ड पाणी ओता आणि उभा वाळत ठेवा. वर्षातून एकदा एवढं पुरतं.